जीपभर माणसांचा एकच पत्ता

“ताई, तुमनं मशीन आमले चोर समजी ऱ्हायनं,” भटूभाऊ फोनवर म्हणाले.

सकाळचे दहा वाजून गेले होते. मी लोणखेड्यात, घरीच, लॅपटॉपसमोर होते. भटूभाऊंचं तळोद्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर बसायला एक बाक. त्यांनी सांगितलं की चारही कॉम्प्युटरवर लाल अक्षरांत एकच वाक्य येतंय: ‘आपण वारंवार चुकीची माहिती भरली आहे. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा.’

हे वाक्य मीच लिहिलेलं होतं. लिहिताना मला ते फार सभ्य वाटलं होतं.

मी सर्व्हर सांभाळते. म्हणजे नेमकं काय करते, हे आमच्या घरात अजून कुणाला नीट कळलेलं नाही. तापीकाठचं गुजर कुटुंब, त्यामुळे जेवताना केळीच्या पाण्यावर बोलणं होतं, सर्व्हरवर नाही. मी ज्या कंपनीत काम करते ती पुण्यात आहे. तिथे सात माणसं बसतात, आठवी मी इथे. माझा बॉस निनाद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. तो मला मॅडम म्हणतो, मी त्याला सर म्हणते, आणि दोघांनाही ते जरा अवघड जातं.

आमच्याकडे एका खासगी संस्थेच्या नर्सिंग कॉलेजचं काम होतं. मुलींचं कॉलेज, सोबत होस्टेल. प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन घ्यायचे. त्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख होती, संध्याकाळी पाचपर्यंत. शिवाय तळोद्याचा बाजाराचा दिवस. म्हणजे डोंगरातल्या जीपा भरभरून खाली उतरणार, आणि ज्यांना फॉर्म भरायचेत त्या मुलीही त्याच जीपांतून येणार.

भटूभाऊंचा फोन ठेवते तोच नंदुरबारहून फोन आला. मग खांडबाऱ्याहून. सगळीकडे तेच लाल वाक्य. आता मात्र मी चहा बाजूला ठेवला.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. कंटाळा येणार नाही एवढंच सांगते.

अर्ज घेणारा प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलेला असतो. त्याला चालवायला एक वेगळा सर्व्हर लागतो, त्याला म्हणतात अॅप्लिकेशन सर्व्हर. आमच्याकडे जो होता त्याचं नाव टॉमकॅट, म्हणजे बोका. नाव कुणी आणि का ठेवलं ते विचारू नका, काम तो इमानदारीनं करतो. पण बोक्याला थेट रस्त्यावर बसवू नये. म्हणून त्याच्या पुढे एक वेब सर्व्हर ठेवतात. वेब सर्व्हर म्हणजे ऑफिसची खिडकी समजा. लोक खिडकीशी येतात, खिडकीतला माणूस कागद घेतो, आत नेऊन देतो, आतून उत्तर आणून पुन्हा खिडकीतून देतो. बाहेरच्याला आत कोण बसलंय ते दिसत नाही, दिसण्याची गरजही नाही.

मागच्या रविवारपर्यंत आमचा टॉमकॅट खिडकीशिवायच बसला होता. त्यामुळे कॉलेजच्या साइटच्या पत्त्याला शेवटी ‘कोलन आठ शून्य आठ शून्य’ असं शेपूट होतं आणि मुली ते हमखास विसरायच्या. शिवाय पत्त्याशेजारी ते छोटं कुलूपही दिसत नव्हतं. कॉलेजनं तक्रार केली. मग मी रविवारी वेब सर्व्हर पुढे बसवला, तो टॉमकॅटला जोडला, शेपूट गेलं, कुलूप आलं. तासाभराचं काम. निनादनं मेसेजमध्ये अंगठा पाठवला. सोमवारपासून थोडेथोडे अर्ज येत होते आणि कुणाचीच ओरड नव्हती.

अंगठा पाठवला तेव्हा आम्हा दोघांच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. महिन्याभरापूर्वी मी प्रोग्राममध्ये एक नियम टाकला होता. अर्ज उघडायला मोबाइलवर ओटीपी येतो. कुणी अंदाजानं आकडे मारत बसू नये म्हणून मी ठरवलं, एका पत्त्यावरून पाच वेळा चुकीचा ओटीपी आला की तो पत्ता अर्धा तास बंद. पत्ता म्हणजे आयपी अॅड्रेस, इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनला असतो तो नंबर.

मी टॉमकॅटची नोंदवही उघडली. आम्ही तिला लॉग म्हणतो. सकाळपासून आलेल्या प्रत्येक माणसाचा पत्ता एकच होता, आणि तो आमच्याच मशीनचा होता. झालं होतं असं, की खिडकी बसवल्यावर आतल्या बोक्याला रोज एकच चेहरा दिसायला लागला, खिडकीतल्या माणसाचा. कागद तळोद्याचा असो की खांडबाऱ्याचा, आणणारा तोच. आधीच्या दिवसांत गर्दी नव्हती, अर्ध्या तासात पाच चुका काही होत नव्हत्या. आज तळोद्यात पाच चुका झाल्या आणि बोक्यानं खिडकीतल्या माणसालाच हाकलून दिलं. त्याबरोबर अख्खा जिल्हा बाहेर.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. खिडकीतल्या माणसाला सांगायचं, प्रत्येक कागदावर चिठ्ठी लाव, हा मूळ कुणाकडून आलाय त्याची. आणि आतल्याला सांगायचं, चेहरा बघू नको, चिठ्ठी वाच. वेब सर्व्हरमध्ये एक ओळ, टॉमकॅटमध्ये एक ओळ. रविवारीच टाकायला हव्या होत्या. नाही टाकल्या. कारण काही नाही, विसरले. वीस वर्षं हे काम करते आणि दर दोन वर्षांनी ही ओळ विसरते.

मी निनादला फोन लावला. टॉमकॅट बंद करून पुन्हा चालू करावा लागेल, म्हणजे जे अर्ज अर्धे भरून झालेत ते उडतील, असं सांगितलं.

“शेवटच्या दिवशी प्रॉडक्शनला हात लावायचा?” तो म्हणाला. प्रॉडक्शन म्हणजे खरे लोक वापरतात ती यंत्रणा. तिला हात लावायचा म्हटलं की प्रत्येक बॉसचा आवाज असाच होतो.

“सर, सध्या कुणी आतच नाहीये. सगळे बाहेर उभे आहेत. उडायला काही नाही.”

तो म्हणाला, करा.

केलं. मिनिटभरात टॉमकॅट उठून बसला. लॉगमध्ये वेगवेगळे पत्ते दिसायला लागले. नंदुरबारवाले आत गेले. खांडबाऱ्याहून फोन आला की चालू झालं. मी राहिलेला चहा गरम करायला गेले, तो उतू जायच्या आत भटूभाऊंचा फोन.

“ताई, परत तेच. नंदुरबारवालास्नं चालू व्हयनं, आमनंच कसं बंद पडस?”

मी लॉग पाहिला. तळोद्याचा एक पत्ता पाच चुका करून बंद. मी अर्धा तास थांबून बघायला सांगितलं. अर्ध्या तासानं तो उघडला आणि दहा मिनिटांत पुन्हा बंद. आता मला भटूभाऊंवर संशय यायला लागला. संशय म्हणजे, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घुसलं असेल आणि ते आपोआप चुकीचे आकडे पाठवत असेल, असा. माझी ओळ बरोबर होती, बाकी सगळीकडे चालत होतं, मग चूक त्यांचीच. आमच्या धंद्यातल्या माणसाला असा निष्कर्ष काढायला फार वेळ लागत नाही.

लॅपटॉप सॅकमध्ये टाकला आणि स्कूटी काढली. जायच्या आधी कॉलेजच्या मॅडमना फोन करून विचारलं, तारीख एक दिवस वाढवता येईल का. त्या म्हणाल्या, त्यांच्या हातात नाही. पाच वाजता यादी वर जाते, तेव्हा जी नावं असतील ती.

तळोद्यात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. बाजारातून स्कूटी काढणं म्हणजे दुचाकीवरून उतरून तिला हातानं ढकलत नेणं. दुकानासमोर एक जीप उभी होती, टपावर कांद्याची गोणी, दोन पत्र्याच्या पेट्या आणि एक नवीन खाट. बाहेरच्या बाकावर आणि खाली जमिनीवर मिळून नऊ मुली. प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल.

“बठ्या एकच जीपमा उन्यात,” भटूभाऊंनी सांगितलं. सगळ्या एकाच जीपमधून आल्या होत्या, चांदसैली घाटाच्या वरच्या एका पाड्यावरून. तिकडून येणारी-जाणारी ही एकच जीप. ती तीन वाजता परत निघते, कारण अंधाराआधी घाट चढायचा असतो. ती गेली की दुसरी उद्या.

मी आधी चारही कॉम्प्युटर तपासले. काही घुसलेलं नव्हतं. नुसते गरीब, जुने, प्रामाणिक कॉम्प्युटर. मग मी भटूभाऊंना म्हटलं, तुम्ही नेहमी करता तसं करा, मी फक्त बघते.

त्यांनी चार कॉम्प्युटरवर चार मुली बसवल्या. चौघींनी एकदम ‘ओटीपी पाठवा’ दाबलं. आणि दाराशी उभ्या असलेल्या जीपवाल्यानं, गुलाबनं, खिशातून साधा बटणांचा फोन काढला. टुणटुण चार मेसेज आले. तो एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लागला. कुठला आकडा कुणाचा, हे त्या मेसेजमध्ये लिहिलेलंच नव्हतं. चौघींनी जो ऐकू आला तो टाकला. एकीचा बरोबर बसला, तिघींचा चुकला. पुन्हा मागवले, पुन्हा चुकले. लाल वाक्य.

मी विचारलं, सगळ्यांच्या फॉर्मवर ह्याचाच नंबर का?

“पाडामा टावर नही ताई,” गुलाब म्हणाला. “मी रोज खाले येस. मंग मेसेज मन्हाच फोनवर येस.”

त्याला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं. पाड्यावरच्या सगळ्यांच्या सगळ्या कागदांवर त्याचाच नंबर होता. रेशन, गॅस, दवाखाना, कॉलेज. संध्याकाळी वर गेल्यावर तो घरोघरी सांगत जायचा, तुझा हा आला, तुझा तो आला.

आणि दुकानातल्या चारही कॉम्प्युटरांना बाहेर जायला वायर एकच. बाहेरून बघणाऱ्याला चारही एकाच पत्त्यावर दिसणार. आता माझा टॉमकॅट चिठ्ठी बरोबर वाचत होता. चिठ्ठीवर पत्ताही खरा होता. फक्त त्या पत्त्यावर एक माणूस नव्हता, जीपभर होते. एक पत्ता म्हणजे एक माणूस, हे मी कुठे शिकले मला आठवत नाही. निदान ह्या जिल्ह्यात तरी शिकले नसणार.

मी अशी उभी असताना शेवटच्या खुर्चीवरची मुलगी उठली आणि माझ्याजवळ आली. रमिला पावरा तिचं नाव. भटूभाऊंनी मगाशीच सांगितलं होतं, ही तिसऱ्यांदा आलीय. पहिल्यांदा दाखला नव्हता, दुसऱ्यांदा फोटो मापाचा नव्हता. बारावीला तिला चांगले मार्क होते. पाड्यावर नर्सबाई येतात तेव्हा त्यांची वही हीच लिहिते.

“मॅडम,” ती शाळेतल्या मराठीत, हळू म्हणाली, “माझ्यामुळे बंद पडलं का? माझ्याच कॉम्प्युटरवर पहिल्यांदा लाल आलं.”

तिचा ओटीपी एकदाही चुकला नव्हता, हे मला लॉगमध्ये दिसत होतं. चुकल्या होत्या दुसऱ्या, आणि वाक्य झळकलं तिच्यासमोर. ‘आपण वारंवार चुकीची माहिती भरली आहे.’ ती सकाळपासून तेच घेऊन बसली होती. मला खरंच लाज वाटली. आतापर्यंत मी ह्या सगळ्याकडे एक मजेशीर भानगड म्हणून बघत होते.

“तुझं काहीच चुकलं नाही,” मी म्हटलं. “चूक माझी आहे. तुझा फॉर्म आज जाणार.”

हे बोलून गेले आणि मग घड्याळ बघितलं. पाऊण वाजला होता.

निनादला फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली. तो हुशार आहे, लगेच उपाय सुचवायला लागला. पत्त्यावर नको ना, मग आडनाव आणि जन्मतारखेवर लॉक लावू या. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. भटूभाऊंनी समोरच्या फाइली एकेक उघडून दाखवल्या. पावरा, पावरा, वळवी, पावरा, पावरा. जन्मतारीख एक जून, एक जून, एक जून.

“आठे बठास्ना वाढदिवस एक जूनलेच ऱ्हास, साहेब,” ते फोनकडे वाकून म्हणाले. “शाळामा नाव टाकताना गुरुजी लिखी टाकस.”

निनाद म्हणाला, बरं, मोबाइल नंबरवर लावू. मी गुलाबकडे बघितलं. गुलाबनं त्याच्या फोनकडे बघितलं. त्याला मराठी-इंग्रजी कितपत समजलं ठाऊक नाही, पण आपल्या फोनबद्दल चाललंय एवढं कळलं.

“सर, लॉक अर्ज नंबरवर लावायचा,” मी म्हटलं. “ज्याचा अर्ज, त्याच्याच पाच चुका. शेजारणीच्या नाहीत.” खरं तर पहिल्या दिवशीच असं करायला हवं होतं. पत्ता तयार मिळतो, त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही, म्हणून मी तो वापरला होता.

“पण हा कोड बदल आहे,” निनाद म्हणाला. “पुन्हा टॉमकॅट बंद करावा लागेल. आता आत बरेच लोक आहेत.”

खरं होतं. सकाळी आत कुणी नव्हतं. आता नंदुरबारला, शहाद्याला, खांडबाऱ्याला कितीतरी मुली अर्धे अर्ज भरून बसल्या होत्या. नऊ जणींसाठी त्यांना उडवायचं, हे कसं करणार? आणि इथे आपण थांबायचं म्हटलं तर तीन वाजता जीप गेली की गुलाबचा फोनही गेला, म्हणजे ओटीपीही गेला. मुली गेल्यावर मागाहून भटूभाऊंना त्यांचे फॉर्म भरता आले नसते.

पण ज्या खिडकीमुळे सकाळी घोळ झाला होता, तीच आता कामाला आली. खिडकीमागे एकच कारकून असावा असा काही नियम नाही. मी त्याच मशीनवर दुसरा टॉमकॅट उभा करायचं ठरवलं, नवा कोड घेऊन. मग वेब सर्व्हरला सांगायचं, जे आधीपासून आत बसलेत त्यांचे कागद जुन्याकडेच ने, जे नवे येतील त्यांचे नव्याकडे. बाहेरच्या कुणाला पत्ता लागत नाही. संध्याकाळी जुन्याला हळूच घरी पाठवायचं.

निनादला पटलं. मी भटूभाऊंच्या काउंटरच्या टोकाशी, झेरॉक्स मशीनला कोपर टेकवून कामाला बसले. कोडमधला बदल चार ओळींचा. तो बांधायला, तपासायला, चढवायला वेळ गेला. एकदा लाइट गेली, पण इन्व्हर्टरनं लाज राखली. नवा टॉमकॅट पहिल्यांदा उठलाच नाही, कारण मी त्याला जुन्याच्याच दारावर, म्हणजे त्याच आठ शून्य आठ शून्यवर, बसवत होते. दार बदललं, मग उठला. वेब सर्व्हरला नवी वाट दाखवली. सव्वादोनला मी मान वर केली आणि म्हटलं, चला.

अजून एक काम होतं, आणि ते कॉम्प्युटरचं नव्हतं. ओटीपीच्या मेसेजमध्ये अर्ज नंबर टाकायचा तर त्याची मंजुरी घ्यावी लागते, ती एका दिवसात येत नाही. म्हणून एका वेळी एकीनंच ओटीपी मागवायचा. बाकीच्यांनी हात मांडीवर. गुलाबनं खुर्ची घेऊन मुलीच्या शेजारी बसायचं आणि आलेला आकडा तिला एकटीला दाखवायचा, मोठ्यानं वाचायचा नाही. भटूभाऊ म्हणाले की हे त्यांना आधीच सुचायला हवं होतं. मी म्हटलं, मला त्याच्याही आधी.

पहिली गेली. दुसरी गेली. प्रिंटर पावत्या ओकायला लागला. बाहेर जीपमध्ये माणसं भरत होती, बाजार करून आलेली, पिशव्या मांडीवर घेऊन. कुणीतरी मधूनच हॉर्न वाजवायचं. गुलाब न उठता बसला होता. रमिलानं प्रत्येक वेळी दुसरीला पुढे केलं. तिच्यामुळे बंद पडलं नाही हे तिला मी सांगितलं होतं, पण तिला ते पूर्ण पटलेलं नसावं. शेवटी ती एकटीच राहिली. पावणेतीन झाले होते.

तिनं ओटीपी मागवला. मेसेज आला नाही. पुन्हा मागवला. नाही. मी लॉग बघितला, आमच्याकडून मेसेज गेला होता. मी गुलाबकडे फोन मागितला. स्क्रीनवर पाकिटाचं चित्र लुकलुकत होतं आणि खाली लिहिलं होतं, इनबॉक्स फुल.

“दादा, जुने मेसेज काढून टाका,” मी म्हटलं.

मुलींचे वापरून झालेले ओटीपी त्यानं आधीच पुसले होते, उरलेल्या मेसेजना तो हात लावेना. मी पुन्हा सांगितलं, दहा मिनिटं राहिलीत.

“हा मेसेज मन्हा नही ताई,” तो म्हणाला. “ज्याना शे त्याले सांगाशिवाय कसा पुसू?”

वीस वर्षांत मी लोकांचा किती डेटा एका बटणानं पुसला असेल त्याचा हिशेब नाही. आमच्याकडे त्यासाठी पॉलिसी असतात, पानंच्या पानं. हा माणूस फोनमधला एक मेसेजही मालकाला कळवल्याशिवाय पुसायला तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं, हे मला त्या घाईतही कळलं.

मग मला सुचण्याआधी त्यालाच सुचलं. तो उठला, बाहेर गेला आणि जीपच्या खिडकीशी उभा राहिला. मेसेजचे मालक आतच बसले होते. एकेक मेसेज वाचून त्यानं पावरी बोलीत सांगायला सुरुवात केली. मला शब्द कळत नव्हते, पण एका म्हाताऱ्याला रेशनचं काहीतरी सांगितलं, त्यानं मान हलवली, गुलाबनं बटण दाबलं. एका बाईला बाळाच्या लसीची तारीख सांगितली, तिनं बोटावर मोजून पाठ केली, तो थांबला, मग बटण दाबलं. पाच-सहा मेसेज असे पोचते झाले. भटूभाऊ दारात उभे राहून बघत होते आणि मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून घड्याळाकडेच बघत होते.

टुण.

गुलाब धावत आला नाही, चालतच आला. फोन रमिलासमोर धरला. तिनं आकडे एकेक करून टाकले, प्रत्येक आकड्यानंतर फोनकडे बघून. पान उघडलं. पुढचं सगळं तिनं आधीच फाइलमध्ये लावून ठेवलेलं होतं. तीनला दोन मिनिटं कमी असताना ‘आपला अर्ज स्वीकारला आहे’ असं हिरव्या अक्षरांत आलं. हेही वाक्य माझंच होतं, पण ते वाचताना मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

तिनं पावती घडी न करता फाइलमध्ये ठेवली. “येते मॅडम,” म्हणाली आणि जीपमध्ये मागे, टपावरून बाहेर आलेल्या खाटेच्या पायांखाली जाऊन बसली. जीप गेली.

संध्याकाळी पाचनंतर मी घरी येऊन रिपोर्ट लिहायला बसले. काही बिघडलं की आमच्याकडे रिपोर्ट भरायचा असतो. काय झालं, का झालं, किती युजरना त्रास झाला. शेवटचा रकाना आमची यंत्रणा आपोआप भरते, लॉग वाचून. सकाळच्या भागासाठी तिनं भरलं, बाधित युजर एक, कारण सगळ्यांचा पत्ता आमच्याच मशीनचा होता. दुपारच्या भागासाठीही भरलं, बाधित युजर एक. भटूभाऊंच्या दुकानाचा पत्ता.

मी भटूभाऊंना फोन करून त्यांच्या वहीतली नावं मागवली आणि दुपारचा आकडा खोडून तिथे नऊच्या नऊ नावं लिहिली. निनादचा मेसेज आला, मॅडम, नावं लिहायची पद्धत नाही, आकडा पुरतो. मी उत्तर दिलं, सर, आकडा आपण दोनदा मोजला, दोन्ही वेळा एक आला.

त्यानं रिपोर्ट तसाच पुढे पाठवला. पंधरा दिवसांनी कॉलेजची यादी लागली. नऊमधल्या सहा जणींना प्रवेश मिळाला. रमिला होती. यादी बघताना मी नाव वाचून थांबले नाही, अर्ज नंबरही लावून बघितला, कारण पावरा रमिला, जन्मतारीख एक जून, अशा यादीत दोघी होत्या.